'नव्या पिढीने वारसा बुडवला' म्हणे! कुठल्या पिढीने?

सध्या ग्रुपाग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांवर. सार असं की बापजाद्यांनी चाबूक खाऊनही गाणी, भाषा, चालीरीती जपल्या आणि नातवंडांनी रॅप नि रील्सच्या नादात सगळं घालवलं, उरलंय ते म्युझियमवाल्यांच्या कृपेने. शेवटी नेहमीचं शेपूट, 'आपलीही पोरं त्याच वाटेवर'. लोक न वाचता पुढे ढकलतायत, म्हणून जरा मुद्द्यांवर येऊ.

एक, 'जुन्यांनी जपलं'. जपलं, मान्य, पण जगापुढे कोणी आणलं? १८७१, अमेरिकेत नॅशव्हिलचं फिस्क कॉलेज, गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या शिक्षणासाठी काढलेलं, कर्जापायी बंद पडायच्या बेतात. तेव्हा नऊ विद्यार्थी कॉलेजच्या खजिनदाराबरोबर गाण्याचे कार्यक्रम करून पैसे जमवायला निघाले. बहुतेक स्वतः गुलाम म्हणून जन्मलेले, काही तर अजून टीनएजर, पियानो वाजवणारी एला शेपर्ड २० वर्षांची. आणि गंमत बघा, सुरुवातीला ही मुलं गोऱ्या श्रोत्यांच्या पसंतीचीच गाणी म्हणत होती, कारण आईवडलांनी गुलामीत म्हटलेली गाणी (स्पिरिच्युअल्स) देवाची, ती चारचौघांत कशी म्हणायची, शिवाय त्यांना गुलामीचा वास, ते सगळं विसरलेलंच बरं असं वाटायचं. शेपर्डनेच हे नंतर लिहून ठेवलंय. म्हणजे लाजणारी पिढी तेव्हाही होतीच की! पण त्याच मुलांनी ती गाणी हळूहळू स्टेजवर आणली, १८७३ मध्ये व्हिक्टोरिया राणीसमोर गायली, आणि जमलेल्या पैशातून कॉलेजचा जुबिली हॉल उभा राहिला. तो ग्रुप, फिस्क जुबिली सिंगर्स, आजही विद्यार्थ्यांचाच आहे, २०२१ मध्ये त्यांना ग्रॅमी हा संगीतातला मोठा पुरस्कार मिळाला.

दोन, 'रॅपने जुनं संगीत मारलं'. हे सगळ्यात विनोदी. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या एका बिल्डिंगचा कम्युनिटी हॉल, सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे हवे होते म्हणून तिने तिकीट लावून पार्टी ठेवली आणि गाणी लावायला तिचा १८ वर्षांचा भाऊ, डीजे कूल हर्क. हिप-हॉपचा, म्हणजे रॅप ज्यातून आलं त्या प्रकाराचा, वाढदिवस म्हणून हीच तारीख धरतात. तो वाजवत काय होता? जेम्स ब्राउनसारख्या आधीच्या कृष्णवर्णीय गायकांच्या फंक नावाच्या नाचऱ्या संगीताच्या रेकॉर्डच, फक्त त्यातला नुसत्या ड्रमचा तुकडा दोन रेकॉर्डवर आलटून पालटून लांबवत. पुढे सॅम्पलिंग, म्हणजे जुन्या रेकॉर्डचा तुकडा उचलून नव्या गाण्यात वापरणं, आलं तेव्हा पोरं आईबापांच्या रेकॉर्डचे ढीग उपसायला लागली. जेम्स ब्राउनचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड, त्याचा एक छोटा तुकडा असंख्य रॅप गाण्यांत वाजतो. (त्याला रॉयल्टी जवळपास काहीच मिळाली नाही, पण हा दोष पोरांच्या विसरभोळेपणाचा नाही, धंद्याचा आहे.)

आणि बँजो? ते तंतुवाद्य मुळात आफ्रिकेतून आलेल्या गुलामांचं, पण कृष्णवर्णीयांच्या हातून इतकं निसटलं की गोऱ्या डोंगरी लोकांचंच वाटायला लागलं. २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात कृष्णवर्णीय बँजोवादकांचं संमेलन भरलं, तिथे रियानन गिडन्स, डॉम फ्लेमन्स, जस्टिन रॉबिन्सन हे तिघे तरुण भेटले, आणि मग ऐंशी पार केलेल्या जो थॉम्पसन या कृष्णवर्णीय फिडलवादकाच्या (फिडल म्हणजे व्हायोलिनच) घरी जाऊन जाऊन, त्याच्याबरोबर वाजवत, त्याच्याकडची गाणी शिकले. नोटेशन वगैरे काही नाही, समोर बसून, आपल्याकडे गुरूकडून चीज घेतात तसं. थॉम्पसन २०१२ मध्ये गेला. २०११ मध्ये या तिघांच्या कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स बँडला ग्रॅमी मिळालं होतं.

तीन, म्युझियम. थोडक्यात सांगतो. कृष्णवर्णीयांचा इतिहास युनिव्हर्सिटीत शिकवावा म्हणून सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात ब्लॅक स्टुडंट युनियन या विद्यार्थ्यांच्या संघटनेने नोव्हेंबर १९६८ ते मार्च १९६९ संप केला, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, तेव्हा कुठे ब्लॅक स्टडीजचा, म्हणजे हेच शिकवणारा, विभाग मिळाला. संस्था आपणहून जाग्या झाल्या नव्हत्या.

चार, 'तरुण गाव सोडून गेले म्हणून भाषा मरतेय'. यात थोडं तथ्य आहे, नाकारत नाही. साउथ कॅरोलिना, जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या गल्ला-गीची लोकांची (आफ्रिकन गुलामांचे वंशज) भाषा, टोपल्या विणायची कला हे सगळं धोक्यात आहेच. पण पोरं जातात का ते तरी विचारा! त्यांच्या हिल्टन हेड बेटाला १९५६ मध्ये पूल झाला, मागोमाग रिसॉर्ट, गोल्फ कोर्स, जमिनीचे भाव वाढले तसे टॅक्स वाढले. जॉर्जियातल्या सापेलो बेटावरच्या त्यांच्या हॉग हॅमॉक वस्तीत २०२३ मध्ये काउंटीने (तिथल्या जिल्हा प्रशासनाने) नियम बदलून मोठाली घरं बांधायला परवानगी दिली, म्हणजे बाहेरच्या पैसेवाल्यांना दार उघडं झालं आणि तिथल्याच लोकांना टॅक्स भरता भरता नाकी नऊ यायची भीती. जमीनच राहिली नाही तर पोरगा टोपली विणायला बसणार कुठे? यात रील्सचा काय संबंध, मला तरी कळलेलं नाही.

राहिलं ते शेपूट, 'आपलीही पोरं'. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये १९६६ ला ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या कॉलेजातल्या दोन पोरांनी ब्लॅक पँथर पार्टी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना काढली, आणि १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार वगैरे मंडळींनी त्यावरूनच दलित पँथर असं नाव घेतलं. ढसाळ तेव्हा विशीत होते. मेसेज लिहिणाऱ्याला 'त्याच वाटेवर' म्हणताना ही वाट ठाऊक असावी असं काही दिसत नाही.