हरलेल्या रणभूमीकडेही रस्ता जावा

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी अशा बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तेव्हा नागपूरच्या आप्तांशी बोलताना आनंदाबरोबर थोडी रुखरुखही ऐकू आली, कारण त्या बारांत विदर्भातला एकही किल्ला नव्हता. गाविलगड, नरनाळा, सीताबर्डी यांचे काय, असा प्रश्न कोणी विचारला. त्यावर माझ्या थोरल्या भावाने जे म्हटले ते मी नागपुरात लहानपणापासून ऐकत आले आहे: गाविलगड आपण हरलो, बर्डीची लढाई आपण हरलो, मग त्या जागा जगाला कशाला दाखवायच्या?

दादाचा प्रश्न मला पोकळ वाटत नाही. ज्या शहराने भोसल्यांचे राज्य पाहिले आणि मग ईस्ट इंडिया कंपनीच्या रेसिडेंटचा, म्हणजे तिच्या प्रतिनिधीचा, अंमल सोसला, त्या शहराला पराभवाच्या जागी सहलीला जाणे रुचू नये, हे समजण्यासारखे आहे. पण मी ब्रसेल्सजवळ राहते आणि सुट्ट्यांत आम्ही दोघे मोटरहोम, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधली युद्धस्थळे पाहत फिरतो. त्यातून माझे मत दादाच्या मतापासून दूर गेले आहे.

आमच्या घरापासून सर्वांत जवळचे रणांगण वॉटर्लूचे. १८ जून १८१५ रोजी नेपोलियन तेथे हरला. ज्या ठिकाणी त्याच्या निवडक पलटणीने शेवटचा तग धरला असे मानतात, तेथे फ्रेंचांनी १९०४ मध्ये जखमी गरुडाचे स्मारक उभारले. परक्या देशात, स्वतःच्या सर्वांत मोठ्या पराभवाच्या जागी, आपल्या सैनिकांसाठी. बेल्जियमने १९१४ मध्ये खास कायदा करून या मैदानावरील बांधकामे रोखली, म्हणून आजही तेथे गहू आणि बटाट्याची शेते दिसतात आणि जमिनीचे चढउतार पायांना कळतात. ऊगूमाँच्या शेतवाड्याच्या विटांच्या भिंतीत बंदुका रोखण्यासाठी पाडलेली भोके आहेत, आणि दक्षिण दाराबाहेर गोळ्यांच्या खुणा अंगावर घेतलेली चेस्टनटची जुनी झाडे आहेत. तेथे उभे राहिले की कोण जिंकले यापेक्षा त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या माणसांचे काय झाले असेल, हाच विचार मनात येतो.

वॉटर्लू जिंकणारा ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन म्हणजे बारा वर्षांपूर्वी हिंदुस्थानात लढलेला आर्थर वेलस्ली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे त्याची गाठ शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी पडली, आणि त्याच्या बाजूचे दीड हजारांहून अधिक लोक ठार वा जखमी झाले, तरी तो जिंकला. मग २९ नोव्हेंबरला अडगावचा आणि १५ डिसेंबरला गाविलगडचा विजय, आणि लगेच १७ डिसेंबरला देवगावचा तह. त्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या हातून कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. नागपूरच्या इतिहासाला कलाटणी देणारे हे तीन महिने जालना, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतील जमिनीवर घडले. एकाच सेनापतीच्या दोन रणभूमी, पण वॉटर्लूला जगभरातून लोक येतात आणि असईचे नावही आपल्या मुलांच्या कानावर पडत नाही.

मोटरहोमचा मुद्दा येथे येतो. रणांगणे शहरात नसतात. ती रेल्वेपासून दूर, गावांच्या मध्ये पसरलेली असतात आणि एका थांब्यात समजत नाहीत. साडेतीन टनांपर्यंतची मोटरहोम युरोपात साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते. फ्रान्समधल्या कितीतरी लहान गावांनी अशा गाड्यांसाठी जागा राखली आहे: पिण्याच्या पाण्याचा नळ, सांडपाणी सोडायला जमिनीत जाळी, शौचालयाची पेटी रिकामी करायची सोय आणि गावच्या इतिहासाचा एक फलक, एवढेच. आत झोपायला हरकत नसते. बाहेर खुर्च्या-टेबल मांडले की ते कॅम्पिंग ठरते आणि चालत नाही. सकाळी आम्ही गावातल्या बेकरीतून पाव घेतो आणि चार पैसे गावातच राहतात.

अशाच एका मुक्कामानंतर आम्ही उत्तर फ्रान्समधल्या नव्ह शापेलला लवकर पोचलो. पहिल्या महायुद्धात, १० मार्च १९१५ रोजी सकाळी साडेसातला तेथे ब्रिटिश तोफांचा भडिमार सुरू झाला आणि पस्तीस मिनिटांनी मेरठ डिव्हिजनचे हिंदी सैनिक ब्रिटिशांच्या बरोबरीने पुढे सरकले. शेतांच्या मधोमध दगडी जाळीदार भिंतींचे वर्तुळाकार स्मारक आहे, आणि ज्यांना कबर वा चिता लाभल्याची नोंद नाही अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची व मजुरांची नावे त्यावर कोरली आहेत. परक्या साम्राज्यासाठी लढलेले हे लोक. तरी एकेकाचे नाव वाचताना गळा दाटून येतो. असईला पडलेल्या शिंद्यांच्या आणि भोसल्यांच्या शिपायांची नावे अशी कोठे वाचायला मिळणार?

घरच्यांचा दुसरा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो मला अर्धा पटतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण आणले, पण मोठी वातानुकूलित गाडी चिखलदऱ्याच्या घाटात चढवण्याची हौस थोड्यांनाच परवडेल, आणि गाविलगड मेळघाटच्या जंगलात असल्याने तेथे गाडीत रात्र काढू देणे योग्यही नाही. माझा आग्रह गाडीसाठी नाही. समृद्धी महामार्गाने जालन्याकडे जाऊन असई, परतताना अडगाव, मग परतवाड्यावरून चिखलदऱ्याजवळचा गाविलगड आणि शेवटी नागपूर, अशी १८०३ च्या क्रमाने जाणारी वाट एखाद्या कुटुंबाला जीपने किंवा शाळेला एसटीने करता यावी, आणि प्रत्येक ठिकाणी नळ, स्वच्छ शौचालय व मराठीतला खरा नकाशा असावा. संरक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये सुरू केलेल्या 'भारत रणभूमी दर्शन' उपक्रमाचा भर गलवान, लोंगेवाला अशा सीमेवरच्या स्थळांवर आहे. ते उचितच आहे. त्याच्या जोडीला देशाच्या मधोमध पडलेल्या या भूमीलाही स्थान मिळावे.

आणि सुरुवात आमच्या बर्डीपासून, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीपासून, करता येईल. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेतील अरब शिपायांनी तेथल्या दोन टेकड्यांपैकी लहान टेकडी कंपनीकडून काबीज केली होती. नंतर ती हातची गेली, तरी नागपूर शहर त्यांनी डिसेंबरअखेरपर्यंत लढवले. जुम्मा दरवाजावर, म्हणजे आजच्या गांधी गेटवर, कंपनीचा हल्ला त्यांनी परतवला होता, हे त्या कमानीखालून रोज महालात ये-जा करणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे? किल्ल्यात लष्कराचे ठाणे असल्याने तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच सर्वांसाठी उघडतो, आणि सुरक्षेची ही गरज मला मान्य आहे. त्यात लढाईचे नोव्हेंबरातले ते दोन दिवस जोडावेत, एवढीच माझी विनंती आहे. इतिहासाच्या शिक्षकांनी शाळेच्या मुलांना लहान टेकडी दाखवावी आणि तेथून पुढे गांधी गेटपर्यंत चालत न्यावे; पाण्याची व शौचालयाची सोय महापालिकेने करावी, आणि लष्कर जी ओळखपत्रे मागेल ती दाखवायला नागपूरकर कुरकुर करणार नाहीत.