उपरण्याखालची फियाट

गेल्या रविवारी पैठण रोडवर, ढोरकीनमध्ये, एका अनोळखी म्हाताऱ्याने माझ्या गाडीचे दात पाहिले. दात म्हणजे पुढची जाळी. खाली वाकून ती त्याने दोन्ही हातांनी हलवली, "जुळलेली हाये", म्हणजे सगळे दात आलेली, असं जमलेल्या मंडळींना जाहीर केलं आणि हात धोतराला पुसले. घाण माझ्या गाडीची आणि किळस त्याला, हे मला जास्त लागलं.

प्रसंग साधा. भाच्याचा साखरपुडा पैठणला, साडेबाराचा मुहूर्त. गाडी १९८२ची प्रीमियर पद्मिनी, इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगला. जग तिला फियाटच म्हणतं. बिडकीन सोडलं आणि तिने नाटक सुरू केलं. रेस दिली की चालायची, पाय उचलला की बंद. जाणकारांना पुढचं सांगायला नको. आयडलच्या जेटमध्ये, म्हणजे रेस नसताना इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या भोकाच्या तुकड्यात, कचरा. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल साठतं, फ्लोट वर आला की सुई वाट बंद करते आणि वरून येणारी हवा अरुंद गळ्यातून जाताना जेटच्या भोकातून लागेल तेवढं पेट्रोल ओढून घेते. ते भोक इतकं बारीक की गंजाचा एक कण आडवा आला तरी संपलं. तरी सरळ रस्त्यावर रेटता येतं. पैठण रोडवर गावागणिक स्पीडब्रेकर.

आणि कचरा येणार नाही तर काय? पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्के इथेनॉल. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं गुमान बसलेला गाळ ते सोडवतं आणि जेटच्या तोंडाशी आणून घालतं, जुने रबरी वॉशर खातं ते वेगळंच. ऊस आमच्याच भागातला, त्यामुळे बोलायची सोय नाही. पंपावर पोराला विचारलं, साधं पेट्रोल मिळेल का, तर तो म्हणाला, "काका, हेच साधं." सरकारदरबारीही आमची गाडी ना घरची ना घाटची. विंटेज म्हणवून घ्यायला ५० वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे भंगार म्हणायला म्हातारी आणि मान द्यायला अजून तरणी.

तर, बॉनेट उघडलं आणि माणसं जमली. एकाने सीएनजी बसवायचा सल्ला दिला. एका पोराने सेल्फी काढला आणि "मुंबईची टॅक्सी का?" असं विचारलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरमध्येच रस्त्यावरून उतरली, हे मी त्याला सांगेपर्यंत तो फोटो पाठवून मोकळा झाला होता. मी पाना लावून जेट काढला, तळहातावर घेतला. तेवढ्यात आबा आले.

पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं. हयात गुरांच्या बाजारात हेडीपणा, म्हणजे दलाली, करण्यात गेलेली, असं कुणीतरी कानात सांगितलं. दात पाहून झाले तसे ते मागे गेले, सायलेन्सरपाशी रेंगाळले, डिकीवर दोन थापा मारल्या.

"चमडी ब्येस हाये. खोड काय तिची?"

"खोड नाही हो, कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय."

"मारकी का बसकी?"

"चालता चालता बंद पडते."

"म्हंजे बसकी." मग मंडळींकडे वळून, "बसकं जनावर घेनाऱ्यापासून लपवू नाई. माळेगावच्या जत्रंत एकानं मला बसकी देवनी जोडी दाखविली व्हती. दिसायला अशीच. गोरीगोमटी."

"आबा, मला विकायची नाही."

"समदे असंच म्हनत्यात."

आणि मला काही कळायच्या आत त्यांनी माझा हात धरला, वर उपरणं टाकलं आणि आतल्या आत माझी तीन बोटं दाबली. गुरांच्या बाजारात भाव असा ठरतो, चारचौघांत आकडा फुटू नये म्हणून, एवढं मला ऐकून माहीत होतं. पण तीन म्हणजे काय? मी आपला गप्प. आबांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि पुन्हा दाबली. या वेळी दोनच.

"अहो, भाव खाली कामून आला?" नकळत मीही त्यात ओढला गेलो.

"तुमची गरज दिसायली ना तोंडावर."

मी हात झटकला. आणि मग लक्षात आलं की जेट त्याच हातात होता.

तुरीच्या दाण्याएवढा पितळी तुकडा. त्यानंतर निम्मं ढोरकीन माझ्या गाडीखाली ओणवं झालं. पंक्चरवाल्याचं पोरगं धावत जाऊन कुठल्याशा स्पीकरचं लोहचुंबक घेऊन आलं आणि मातीवरून फिरवू लागलं. त्याला चार खिळे मिळाले, एक वॉशर मिळाला. पितळेला लोहचुंबक ओढत नाही, हे मी सांगत होतो, पण चुंबक ज्याच्या हातात असतं त्याचंच लोक ऐकतात. बायको साखरपुड्याची पैठणी नेसून गाडीत, काच खाली करून.

"किती म्हणाले ते?"

"कुणाला माहीत!"

"देऊन टाका की."

जेट शेवटी सापडला आबांच्याच उपरण्याच्या दशांमध्ये. तो त्यांनी चिमटीत धरून सगळ्यांना दाखवला. "एवढ्याशा फुलीपायी एवढं मोठं धूड बसलं?" लोक हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. मग सौदा मोडला तरी हेड्याचा चहा असतो असं कळलं, आणि हेड्याबरोबर साक्षीदारांचाही. हॉटेलवाल्याला मी नोट दिली, सुटे परत आले नाहीत.

एकाने जेट कोरायला बाभळीचा काटा आणून दिला होता. तो मी नाकारला. काटा काय, तारही घालू नये, भोक मोठं होतं आणि मग गाडी पेट्रोल पिते. पंक्चरच्या दुकानातल्या हवेची एक फुंकर मारली, जेट बसवला, चोक ओढला, निम्म्या सेल्फवर गाडी सुरू. रेस सोडली तरी चालूच. मी अभिमानाने वर पाहिलं तर आबा समोरच्या काळीपिवळीत मागच्या बाकावर बसून बिडकीनकडे निघालेले. शेजाऱ्याचा हात त्यांच्या उपरण्याखाली होता आणि शेजारी माझ्या गाडीकडे बघून हसत होता.

पैठणला पंगतीत शेजारी नवरीकडचे एक शेतकरी पाहुणे होते. त्यांना विचारलं, तीन बोटं म्हणजे किती? जिलबी मोडत ते म्हणाले, "शेकडा का हजार, ते आधी तोंडानं बोलत्यात. तुम्ही इचारलं नाई?"

नाही विचारलं. बायको मात्र परत येताना ढोरकीनला म्हणाली, "जरा थांबवा, विचारून येते."

थांबवली नाही. स्पीडब्रेकरवरसुद्धा नाही.