चोवीस दिवसांची घासाघीस

आज पुन्हा तेच. म्हापशात शुक्रवारचा बाजार, पाय ठेवायला जागा नाही, गाड्यावर कसाबसा एक भाजी-पाव हातात पडला आणि शेजारचा बाब सुरू झाला, "रक्त काढलं की माणूस ढिला पडतो रे. पॅकियाओचं बरोबर होतं." पॅकियाओ म्हणजे फिलिपिन्सचा बॉक्सर, लढतीच्या तोंडावर डोप चाचणीला रक्त द्यायला तयार नसलेला. सायबा! पंधरा वर्षं उलटली तरी हे वाक्य मरत नाही. २०२१ च्या मार्चमध्ये मांडवीतल्या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर विजेंदर सिंग हरला. सलग बारा लढती जिंकून आलेला माणूस, त्याला लोप्सानने पाचव्या फेरीत गारद केलं. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक गाड्यावर बॉक्सिंगचा एक दोतोर बसलेला असतो. आयुष्यात ग्लोव्ह हातात घातलेला नाही, पण रक्त, लघवी, हार्मोन सगळं तोंडपाठ.

ढिला पडतो म्हणजे किती रक्त काढतात, हे तरी विचार की कुणाला. दोन-तीन छोट्या नळ्या. चहाचे चार चमचे होतील. मी गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, ३५० मिली रक्त देऊन, तिथलंच बिस्कीट खाऊन, स्कूटरने पर्वरीचा चढ चढून म्हापशाला आलोय, आणि संध्याकाळी बॉक्सिंग शिकणाऱ्या पोरांना पॅड धरायलाही उभा राहिलोय. माणसाच्या अंगात पाचेक लिटर असतं. चार चमच्यांनी कोण मरतो?

आणि गंमत म्हणजे मी स्वतः पॅकियाओचा भक्त. म्हणून तर जास्त जळतं. २००५ साली मोरालेसविरुद्ध हरला त्याच्या आधी रक्त काढलं होतं, त्याने अशक्तपणा आला, असं त्याचं म्हणणं. ठीक आहे. लढणाऱ्याच्या मनात एखादी गोष्ट बसली की बसली. आमची पोरंसुद्धा जिंकलेल्या दिवशीचे मोजे धूत नाहीत. (वास मला येतो.) ती भीती मला मान्य आहे, त्यावरून मी त्याला हसणार नाही. पुढे जे झालं ते मान्य नाही.

पुढे काय झालं? २०१० च्या १३ मार्चला अमेरिकेच्या मेवेदरशी त्याची लढत ठरत होती. मेवेदर म्हणाला, ऑलिंपिकसारखी चाचणी हवी, रक्त कधीही, न सांगता. पॅकियाओची माणसं म्हणाली, लघवी हवी तेवढी घ्या, पण रक्ताला तारखा हव्यात. मग बसले मध्यस्थासमोर. मेवेदर म्हणतो लढतीआधी चौदा दिवस रक्त काढायचं नाही, पॅकियाओ म्हणतो चोवीस दिवस. चौदा! चोवीस! अरे, ही डोप चाचणी की इसवण मासळीचा वाटा? बाजारातली बायसुद्धा इतकं ताणत नाही. शेवटी त्या दहा दिवसांच्या फरकावर लढतच मोडली. त्याआधीच पॅकियाओने मेवेदरवर बदनामीचा दावा लावलेला. लढायला मिळायला पाच वर्षं गेली.

आता मला सांगा, "अचानक" या शब्दाला काही अर्थ आहे की नाही? गिरीच्या बाजूला पोलीस उभे असले की समोरून येणारा प्रत्येकजण दिवे मारून सांगतो, आणि सगळे डिकीतून हेल्मेट काढून डोक्यावर चढवतात. तालांव, म्हणजे दंडाची पावती, कुणाला? बाहेरच्या राज्याची नंबरपाटी लावलेल्या बिचाऱ्याला. त्यालाही आम्ही अचानक तपासणीच म्हणतो. पण इथे निदान दिवे मारणारा लपून मारतो. तिकडे दिवे मारायची तारीख वकील करारात लिहून घेतात.

तारीख कळली की खेळ संपला, कारण सगळी मेख तिथेच आहे. ग्रोथ हार्मोन लघवीत सापडत नाही, रक्तातच सापडतं, आणि तेव्हाच्या चाचणीत तेही टोचल्यापासून एक-दोन दिवस. ईपीओ, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं औषध, थोडं थोडं घेतलं तर तेही पटकन निघून जातं. मग चोवीस दिवस कुणी सुई घेऊन येणार नाही हे आधीच ठाऊक असेल, तर त्या चोवीस दिवसांत काय काय होऊ शकतं हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. झालं असं मी म्हणत नाही. पॅकियाओ कधीही दोषी सापडला नाही, हे छातीठोक सांगतो. पण दार उघडं ठेवा असं स्वतःच म्हणायचं आणि मग कुणी दाराकडे बोट दाखवलं की कोर्टात जायचं, हे माझ्या माणसाने केलं म्हणूनच बोचतं.

आणि तो दुसरा? स्वच्छतेचा संत? २०१५ च्या २ मेला शेवटी लढले, आपल्याकडे रविवारची सकाळ होती. शेजाऱ्याच्या घरी पंधरा माणसं, पोळे बशीत गार झाले, लढत त्याहून गार. सप्टेंबरात कळलं की लढतीच्या आदल्या दिवशी, वजन झाल्यावर, मेवेदरने घरी ७५० मिली सलाइन चढवून घेतलं होतं. मर्यादा तेव्हा सहा तासांत ५० मिलीची. सलाइन स्वतः औषध नव्हे, पण एवढं पाणी शिरेतून गेलं की रक्त-लघवी पातळ होते, म्हणून तर बंधन. चाचणी घेणारी युसाडाची, म्हणजे अमेरिकेच्या डोपिंगविरोधी संस्थेची, माणसं तेव्हा घरातच होती. आणि परवानगी? लढत संपून जवळजवळ तीन आठवड्यांनी. मागाहून! माझ्या पोराने परीक्षा झाल्यावर चिठ्ठी आणायला परवानगी मागावी, तसं. लढतीच्या रात्री पॅकियाओला दुखऱ्या खांद्यात वेदनाशामक सुई हवी होती, ती लढत झाली त्या नेवाडा राज्याच्या क्रीडा आयोगाने नाकारली, कारण फॉर्मवर खांदा दुखतो असं लिहिलंच नव्हतं. चूक त्याचीच. पण कागदाचा नियम एकाला लागला आणि दुसऱ्याला मागच्या तारखेची मुभा मिळाली, हे बघून मी त्या दिवशी ओरडलो होतो, आजही ओरडतो.

माझी भाची डिचोलीची, वीस वर्षांची. मागे एका राष्ट्रीय स्पर्धेत उतरली होती. पहिल्याच फेरीत हरली, रिंगमधून खाली आली तर डोपवाली बाई चिठ्ठी घेऊन उभी. नव्वद मिली लघवी हवी. वजनासाठी दोन दिवस पाणी तोडलेलं, येणार कुठून? अडीच तास बाटल्या रिचवत बसली, ती बाई क्षणभर नजरेआड होऊ देत नाही, आणि नमुना देताना समोर उभी राहून बघते, कारण नियमच तसा आहे. संघ जेवून आला, गाडी सुटली. पोरगी म्हणाली का चौदा दिवस आधी सांगा म्हणून? तिला सर्दी झाली तर माझी बहीण आल्याचा काढा देते, गोळी देत नाही, त्यात काय असेल कुणी सांगावं.

आणि ही तर साधी स्पर्धक. नाडाच्या, म्हणजे आपल्या राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेच्या, नोंदणीकृत यादीत असलेल्या पोरांनी दर तिमाहीला लिहून द्यायचं, रोज कुठे झोपणार, कुठे सराव करणार, आणि दिवसातला एक तास कुठे हमखास सापडणार. बारा महिन्यांत तीनदा चुकलं की दोन वर्षांपर्यंत बंदी. ज्यांना भत्त्यात बूट परवडत नाहीत त्यांना हे. ज्यांना एका रात्रीत कोट्यवधी डॉलर मिळतात, ते टेबलावर बसून ठरवणार की सुई कधी, कुणाची, किती वेळा. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये बऱ्याच ठिकाणी लढतीच्या रात्रीची लघवी सोडली तर बाकी सगळं करारावर. मोठी लढत असेल, पैसे भरणारा कुणी असेल, तर व्हाडा ही स्वेच्छेने बोलवायची चाचणी संस्था येणार. पहिल्या चार फेऱ्यांच्या लढती खेळणाऱ्या पोराच्या दारात कोण येतो?

आणि सापडले तरी काय? मेक्सिकोचा बॉक्सर कॅनेलो, त्याच्या नमुन्यात २०१८ च्या फेब्रुवारीत क्लेनब्युटेरॉल हे बंदीतलं औषध निघालं, तो म्हणाला मेक्सिकोतल्या मांसातून आलं. तिथे जनावरांना ते देतात हे खरं, म्हणून तेवढं सोडा. पण सहा महिन्यांची बंदी अशी मोजली की सप्टेंबरची मोठी लढत अलगद बाहेर राहिली. २०२२ ला इंग्लंडच्या कॉनर बेनच्या नमुन्यात क्लोमिफीन हे बंदीतलंच औषध सापडलं, तर आयोजक लढतीच्या आठवड्यापर्यंत ती रेटत होते, ही चाचणी आमच्या नियामकाची नव्हे म्हणून. मग ती घेतली कशाला? शोभेला?

हे सगळं मी त्या बाबाला सांगितलं. गाड्यावरचे चार लोक थांबून ऐकत होते. शेवटी म्हटलं, चल, स्कूटर इथेच आहे, आत्ता जाऊ गोमेकॉत, दोघेही रक्त देऊ, मग संध्याकाळी हॉलवर ये, ढिला कोण पडतो बघू.

त्याने पावाचा शेवटचा तुकडा भाजीत बुडवला, खाल्ला, बोटं पुसली. "आज नको रे," म्हणाला, "आज बाजार आहे. पुढच्या महिन्यात तारीख सांग." आणि पैसे माझ्यावर टाकून गेला.