समुद्र एका अंशाने चुकला, तर पाऊस कुठे पडेल?

‘अमुक प्रदेशात शतकाअखेर पाऊस इतके टक्के वाढणार’ अशी बातमी वाचली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा: हा आकडा ज्या हवामान मॉडेलमधून, म्हणजे संगणकावर चालवलेल्या पृथ्वीच्या हवामानाच्या नकलेतून आला, त्यातला आजचा समुद्र तरी खऱ्या समुद्राशी जुळतो का? बातमीत हे कधीच नसतं. माझं मत स्पष्ट आहे. पावसाच्या भविष्याचा नकाशा छापायचा असेल, तर त्याच मॉडेलमधला समुद्र आज कुठे किती चुकतोय त्याचा नकाशाही शेजारी छापायलाच हवा.

एका अंशाची चूक किरकोळ वाटते. पृथ्वीच्या सरासरी तापमानाच्या हिशेबात ती खपूनही जाते. पावसाचं तसं नाही. उष्ण कटिबंधात समुद्राचं पाणी साधारण 26-27 अंशांच्या वर गेलं की उंच गडगडाटी ढग तयार होऊ लागतात आणि 28 च्या आसपास जोरदार पावसाची शक्यता झपाट्याने वाढते. त्यामुळे 22 अंशांचं पाणी मॉडेलने 23 धरलं तर फारसं बिघडत नाही. पण 26.5 चं 27.5 केलं, की जिथे एरवी ढग टिकत नाहीत तिथे मॉडेलमध्ये धो धो पाऊस सुरू होतो. शिवाय हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं. आणि हे बाष्प वाहून नेणारे वारेसुद्धा एकीकडे गरम, दुसरीकडे थंड या फरकावरच चालतात. हा फरक चुकला की वारे बाष्प भलत्याच ठिकाणी नेऊन टाकतात.

पेरू आणि चिलीचा किनारा बघा. तिथे किनाऱ्याला समांतर वाहणारा वारा वरचं पाणी बाहेर लोटतो आणि खालचं थंड पाणी वर येतं. हा पट्टा फार अरुंद असतो. जागतिक मॉडेल मात्र पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करतं आणि एकेक चौकोन बऱ्याचदा 100 किलोमीटरच्या आसपास. किनाऱ्यालगतचा अँडीज पर्वत त्यात बुटका आणि पसरट होतो, किनाऱ्याजवळचा वारा मंदावतो आणि पुरेसं थंड पाणी वर येतच नाही. समुद्र गरम राहतो. खऱ्या जगात त्या थंड पाण्यावर खालच्या थरातल्या ढगांची अखंड चादर असते आणि ती ऊन परतवते. मॉडेलमध्ये पाणी गरम, म्हणून चादर विरळ, म्हणून ऊन जास्त, म्हणून पाणी आणखी गरम. एका चुकीने दुसरी पोसली जाते.

याचा परिणाम पार विषुववृत्तापर्यंत दिसतो. पूर्व प्रशांत महासागरात पावसाचा मुख्य पट्टा वर्षभर विषुववृत्ताच्या उत्तरेला असतो; दक्षिणेला दुसरा पट्टा दिसलाच तर मार्च-एप्रिलमध्ये, तोही थोडे दिवस. बऱ्याच मॉडेलमध्ये मात्र तो दक्षिणेला महिनोन्महिने ठाण मांडून बसतो. 1995 साली अनेक मॉडेलांची तुलना झाली तेव्हाच हा दोष ठळकपणे नोंदवला गेला होता. त्यानंतर मॉडेलांच्या कितीतरी पिढ्या झाल्या, संगणक अफाट वाढले, तरी सीएमआयपी6 पर्यंत (जगभरच्या हवामान मॉडेलांची तुलना करणाऱ्या प्रकल्पाचा सहावा टप्पा) तो दुसरा पट्टा गेलेला नाही. यात पार अंटार्क्टिकाभोवतीच्या महासागरावरच्या ढगांचाही हात असू शकतो, कारण तिथे मॉडेल ढग कमी दाखवतात, दक्षिण गोलार्ध जास्त तापतो आणि पाऊस तिकडे ओढला जातो.

आता अरबी समुद्र. अनेक मॉडेलमध्ये त्याचा उत्तर भाग हिवाळ्यात प्रमाणाबाहेर थंड होतो आणि तो गारवा मान्सून सुरू होईपर्यंत रेंगाळतो. थंड पाण्यावरून बाष्पीभवन कमी, म्हणून नैर्ऋत्य वारे भारताकडे येतात ते कमी बाष्प घेऊन, आणि हंगामाच्या सुरुवातीचा पाऊस तुटपुंजा पडतो. पण सगळा दोष समुद्राच्या माथी मारणंही बरोबर नाही. वातावरणाच्या मॉडेलला समुद्राचं मोजलेलं खरं तापमान दिलं तरी अनेकदा भारताच्या भूभागावरचा पाऊस कमीच भरतो. कधीकधी तर दोन चुका एकमेकींना झाकतात आणि पावसाचा आकडा बरोबर दिसतो. मला जास्त भीती अशा बरोबर आकड्यांची वाटते.

एकेकाळी या चुका लपवायला मॉडेलमधल्या समुद्राला कृत्रिमरीत्या उष्णता आणि गोडं पाणी द्यायचे किंवा काढून घ्यायचे. पुढे ती पद्धत बहुतेकांनी सोडली, ते उत्तम झालं. आता निकाल हाती आल्यावर आकडेवारीने दुरुस्ती करतात. कामापुरती ती लागते, हे मान्य. पण पावसाचा पट्टाच चुकीच्या जागी असेल तर टक्केवारी ठाकठीक करून तो जागेवर येत नाही. नकाशा नुसता देखणा होतो.

यावरून ‘मॉडेल खोटी, तापमानवाढही खोटी’ असा अर्थ कुणी काढू नये. पृथ्वी तापतेय हे मोजमापांतून दिसतंय, आणि ती एकूण किती तापेल याचा मॉडेलांचा अंदाज भरवशाचा ठरला आहे. अडचण प्रादेशिक पावसाची आहे. गेल्या चार दशकांत विषुववृत्तीय प्रशांत महासागराचा पूर्व भाग जेमतेम तापला, काही ठिकाणी थंडही झाला. बहुतेक मॉडेल मात्र तो ठळकपणे तापलेला दाखवतात. ही नैसर्गिक चढउताराची लाट आहे की मॉडेलांचा मूळ दोष, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे. पूर्व आफ्रिका, पेरू, अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग, या सगळ्यांच्या पुढच्या पावसाचे अंदाज या वादात अडकलेले आहेत. तिथल्या धरणांची आणि शेतीची आखणी करणाऱ्यांच्या हातात नुसता टक्क्यांचा आकडा ठेवणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.