हवेत तरंगणारे लेझर-चित्र आणि त्याबद्दलच्या थापा

‘पडद्याचे युग संपले’ या ठळक ओळीने सुरू होणारा एक संदेश बरेच दिवस फिरतो आहे. त्यातील दावे थोडक्यात असे: दोन लेझर किरण मोकळ्या हवेत एकमेकांना छेदले की तेथे प्रकाशाचा ठिपका उमटतो, अशा ठिपक्यांचे त्रिमितीय चित्र मुलांनीही खुशाल हातात धरावे, कारण हा लेझर ‘संपूर्ण सुरक्षित’ आहे, लवकरच माणसाएवढी रंगीत आकृती घरात उभी राहील, आणि याचा छोटा नमुना मुलांनाही जास्तीत जास्त शक्तीच्या दोन हिरव्या लेझर पॉइंटरांपासून घरीच बनवता येतो. एरवी मी हे वाचून सोडून दिले असते. परंतु विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प शोधणाऱ्या माझ्या भाचीने तोच संदेश पाठवून ‘मामा, जास्तीत जास्त शक्तीचा पॉइंटर कोणता घेऊ?’ असे विचारले, तेव्हा गप्प बसणे शक्य राहिले नाही.

किरण छेदण्याच्या दाव्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ डाउनिंग आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दोन अदृश्य अवरक्त किरण छेदून त्या बिंदूवर दृश्य प्रकाश निर्माण करून दाखवला. मात्र तो हवेत नव्हे, तर प्रासिओडिमियम, एर्बियम आणि थुलियम ही दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये मिसळलेल्या खास फ्लोराइड काचेत. हवेत साधे किरण एकमेकांना छेदून काहीही न घडता पुढे निघून जातात. पॉइंटर दोन घ्या किंवा दोनशे.

मोकळ्या हवेत ठिपका हवा असेल तर हवेचेच आयनीभवन करून, म्हणजे तिच्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करून, प्लाझ्मा हा विद्युतभारित, चमकणारा वायू निर्माण करावा लागतो. संदेशासोबतच्या चित्रफितीत बोटाच्या टोकाशी चमकणारी आकृती आहे, ती याच पद्धतीची. जपानमधील योइची ओचियाई आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलेल्या संशोधनातून ती उचललेली आहे. म्हणून त्यांच्याच शोधनिबंधातील आकडे पाहू. त्यांच्या एका लेझरच्या प्रत्येक स्पंदात, म्हणजे प्रकाशाच्या क्षणिक झोतात, ७ मिलिज्यूलपर्यंत ऊर्जा होती आणि स्पंदाचा कालावधी ३० ते १०० फेम्टोसेकंद होता (फेम्टोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग, आणि नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग). म्हणजे त्या क्षणापुरती शक्ती किमान ७० अब्ज वॅटच्या घरात जाते. पॉइंटरची शक्ती साधारण ५ मिलिवॅट असते. हा फरक चौदा लाख कोटी पटींचा आहे.

आता ‘संपूर्ण सुरक्षित’ या विधानाकडे वळतो, कारण सर्वांत घातक तेच आहे. निबंधात म्हटले आहे ते एवढेच की, फेम्टोसेकंद लेझरने निर्माण केलेला प्लाझ्मा नॅनोसेकंद लेझरच्या प्लाझ्मापेक्षा अधिक सुरक्षित असतो. त्वचेऐवजी त्यांनी चामड्यावर चाचणी घेतली. नॅनोसेकंद लेझरने चामडे जाळले, तर फेम्टोसेकंद लेझरने त्याला बारीक छिद्रे पाडली. स्पर्श जाणवतो हे खरे, पण तो प्लाझ्माच्या आघातलहरींचा असतो. शिवाय सेकंदाला हजार स्पंद धरले तरी या लेझरची सरासरी शक्ती ७ वॅट होते, आणि अर्धा वॅट ओलांडला की लेझर चौथ्या, म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या वर्गात मोडतो. तिथे परावर्तित किरणसुद्धा डोळा निकामी करू शकतो.

आणि पॉइंटरही निरुपद्रवी नाहीत. स्वस्त हिरव्या पॉइंटरांत बहुधा ८०८ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशाने १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त किरण निर्माण केला जातो आणि त्यापासून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा रंग मिळवला जातो. आतील गाळणी नसली तर अवरक्त प्रकाशही हिरव्यासोबत बाहेर येतो. तो दिसत नसल्याने त्याच्यामुळे पापणी मिटत नाही, पण डोळ्याचे भिंग त्याला दृष्टिपटलावर एकवटतेच. मुलांना जास्तीत जास्त शक्तीचे पॉइंटर घेऊन किरण जुळवत बसण्याचा सल्ला देणाऱ्याला याची कल्पना नसावी. असेल, तर प्रकार अधिकच गंभीर आहे.

राहिली माणसाएवढी रंगीत आकृती. ओचियाईंचे चित्र जेमतेम एक घनसेंटिमीटरचे होते. त्यांच्या दुसऱ्या, अधिक वेगवान लेझरने सेकंदाला दोन लाख ठिपके उमटत. एका सपाट फुल एचडी चित्रात वीस लाखांहून अधिक ठिपके असतात, म्हणजे तेवढे एकच स्थिर चित्र काढायला दहा सेकंद लागतील. प्लाझ्माचा रंगही मनासारखा बदलता येत नाही. रंग साधले ते ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या डॅनिअल स्मॉली यांच्या गटाने, २०१८ मध्ये. तिथे लेझरने पकडलेला सेल्युलोजचा एक सूक्ष्म कण वेगाने फिरवून त्याच्यावर लाल, हिरवा, निळा प्रकाश टाकतात. वाऱ्याच्या झुळकीने तो कण उडून जाऊ शकतो.

समजा हे सगळे अडथळे दूर झाले, तरी अशा चित्रातील ठिपके फक्त उजळतात, मागून येणारा प्रकाश अडवत नाहीत. त्यामुळे घरात उभ्या राहणाऱ्या त्या माणसाच्या चेहऱ्यातून त्याच्या डोक्याची मागची बाजू दिसेल, त्यापलीकडची भिंतही दिसेल, आणि काळे केस तर त्याला देताच येणार नाहीत.