मुंबई ओसाड नव्हती: त्या फॉरवर्डला उत्तर

परत तो फॉरवर्ड फिरायला लागलाय. त्यात म्हटलंय की इंग्रज आले तेव्हा मुंबई म्हणजे सात ओसाड बेटं, दलदल आणि कोळ्यांच्या चार झोपड्या, पोर्तुगालच्या राजाने मुलीच्या हुंड्यात सातही बेटं देऊन टाकली आणि इंग्रजांनी येऊन बेटं जोडली, शून्यातून शहर उभं केलं. लोक अगदी खरं मानून पुढे पाठवतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ते "ओसाड". परळला १९३१ साली रस्त्याच्या कामात शंकराची एकाच दगडातली मूर्ती सापडली, साधारण सहाव्या शतकातली, जवळजवळ दोन पुरुष उंच, मधे शिव, त्याच्यातून वर आणि दोन्ही बाजूंना आणखी आकृती निघालेल्या, खाली वाद्यं घेतलेले गण. ती आजही तिथेच बारादेवीच्या देवळात आहे, जाऊन बघा. असं काम करायला कारागीर लागतात, पैसा लागतो, पूजा करणारी वस्ती लागते. माहीमला मखदूम अली माहिमी होऊन गेले, कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारे, ते वारले १४३१ च्या सुमारास, तेव्हा इंग्रज यायला अजून दोनशेच्या वर वर्षं होती. कोळी सगळ्यात जुने, ते मान्यच, पण त्यांचे कोळीवाडे म्हणजे चार झोपड्या नव्हेत आणि त्यांच्या जोडीला माडी काढणारे भंडारी होते, भात पिकवणारे कुणबी, आगरी होते, पाठारे प्रभू, पाचकळशी, मुसलमान, ख्रिस्ती झालेली कुटुंबं, सगळे होते. यांना एका ओळीत पुसून टाकायचं हे मला अजिबात पटत नाही.

मग हुंडा. जिच्या हुंड्याची ही गोष्ट, ती इंग्लंडच्या राजाला दिलेली पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन. तिचे वडील १६५६ लाच वारले होते, १६६१ चा तह झाला तेव्हा गादीवर तिचा भाऊ होता आणि कारभार आई बघत होती. बदल्यात पोर्तुगालला स्पेन आणि डचांविरुद्ध इंग्रजांची मदत पाहिजे होती, सौदा होता तो. आणि तहात "मुंबईचं बंदर आणि बेट" एवढंच आहे, सात बेटं नाहीत. गोव्याच्या व्हाइसरॉयने तेही द्यायला टाळाटाळ केली, ताबा घ्यायला आलेला अब्राहम शिपमन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट बघत बघतच मेला, त्याचे बहुतेक सैनिकही तिथेच गेले. शेवटी उरलेल्यांना घेऊन हम्फ्री कुक फेब्रुवारी १६६५ मध्ये मुंबईत उतरला. माहीम त्याने नंतर पोर्तुगीजांचा विरोध असताना बळकावलं, कुलाबा तर त्याच्याही नंतर.

आता सगळ्यात महत्त्वाचं, "शून्यातून". १६६८ ला इंग्लंडच्या राजाने बेट वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. पुढे गव्हर्नर जेराल्ड आँजियरला १६७२ मध्ये इथल्या जमीनधारकांशी करार करावा लागला, त्यांनी वर्षाला २० हजार शेराफीन (तेव्हाचं पोर्तुगीज नाणं) द्यायचे आणि कंपनीने त्यांच्या जमिनींना हात लावायचा नाही. जमीन कुणाचीच नसती तर करार कुणाशी केला असता? आँजियरचं श्रेय मी नाकारत नाही, त्याने कोर्ट बसवलं, टांकसाळ काढली, व्यापाऱ्यांना बोलावलं. पण दीवचा निमा पारख हा बनिया आला तो आधी अटी घालून, धर्मात ढवळाढवळ नको, मेलेल्यांना आमच्या रीतीने जाळू द्या, आणि कंपनीने ते कबूल केलं. पारशी दोराबजी नानाभाई तर पोर्तुगीजांच्या काळातच, १६४० च्या सुमारास, इथे आला होता. इंग्रज मूठभर, त्यातले कितीतरी तापाने मरायचे, दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य असं तेच म्हणायचे. शहर भरलं ते या बाकीच्या लोकांनी.

राहिलं बेटं जोडणं. वरळीची खाडी बंद करणारा बांध, हॉर्नबी वेलार्ड, १७८० च्या दशकात पुरा झाला, म्हणजे कुक उतरल्यावर शंभराहून जास्त वर्षांनी. कुलाब्याचा कॉजवे, म्हणजे पाण्यातून बांधलेला रस्ता, १८३८ चा, माहीमचा १८४५ चा, आणि माहीमच्या कॉजवेला सरकार पैसे देईना म्हणून दीड लाख रुपयांच्या वर रक्कम जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाईंनी दिली.