लिंबूटिंबूची जागा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

लहान मुलांच्या अंगणातल्या खेळांवर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : लगोरी, डबा ऐसपैस हे आठ-दहा वर्षांच्या मुलांचे खेळ आहेत, साडेतीन वर्षांच्या मुलाला त्यातलं काही कळत नाही, आणि लागतं मात्र त्यालाच. शहरात अंगण उरलेलं नाही, आहे ते पार्किंग. मातीत जंत असतात. आणि तुमचा मुलगा आठवड्यातून तीनदा स्केटिंगच्या क्लासला जातो, तेवढं त्याला पुरतं. शेवटी ‘आपलं बालपण मुलांवर लादू नका’ असंही तुम्ही लिहिलंय. ते मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

जंतांचं आधी, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. मी सरसकट ‘अनवाणी खेळू द्या’ असं लिहिलं, ते चुकलंच. हुकवर्म नावाच्या जंताची अळी पायाच्या कातडीतून शरीरात शिरते. जिथे उघड्यावर शौचाला बसतात किंवा कुत्री-मांजरं घाण करतात, तिथे पायात चप्पल हवीच. गोल जंतांची अंडी मातीच्या हातांनी तोंडात जातात. त्यासाठी कापलेली नखं आणि घरी आल्याबरोबर साबण. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या जंतनाशक दिनांना अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोलची गोळी मोफत मिळते, ती चुकवू नका. धनुर्वाताच्या लशीचे बूस्टर दीड-दोन वर्षांचं असताना एकदा आणि पाच-सहा वर्षांचं असताना पुन्हा असतात, तेही कार्डावर तपासा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सूर्यास्ताच्या आधी तर जास्तच, म्हणजे नेमका खेळाच्या वेळी. म्हणून लांब पायजमा. एवढं सांभाळलं की मात्र मातीत हात घालू द्या.

स्केटिंगबद्दल माझं मत वेगळं आहे. एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटं हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी त्यातली तासभर तरी चांगली दमवणारी हवी. आठवड्यातले तीन तास तिथवर पोचत नाहीत. क्लास बंदिस्त हॉलमध्ये असेल तर उजेडाचाही प्रश्न येतो. तैवानमध्ये मुलांना लागणारे चष्मे फार वाढले, तेव्हा २०१० पासून तिथल्या शाळांनी मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायचा कार्यक्रम हाती घेतला. बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट उजेड असतो, आणि मायनस नंबर लागणं त्याने लांबतं. स्केटिंग बंद करा असं मी म्हणत नाही. ते खेळाच्या जागी बसवू नका, एवढंच.

आता वयाचा मुद्दा. माझ्यासाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. एकट्या साडेतीन वर्षांच्या मुलाला लगोरी खेळता येत नाही, हे खरंच. पण त्यासाठी आपल्याकडे एक शब्द आहे आणि मूळ लेखात तो यायलाच हवा होता : लिंबूटिंबू. कुठे त्याला कच्चा लिंबू म्हणतात, कुठे दूधभात. लिंबूटिंबू खेळात असतो, पण आउट होत नाही. चकताना त्याचाही तळहात मध्ये असतो, फक्त तो धरत नाहीत. शिवाशिवीत त्याला शिवलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही, तो आपला पळतच राहतो.

लगोरीत त्याला काम असतं. फुटलेल्या फरशीचे सात तुकडे शोधून आणायचे, मोठा खाली, छोटा वर असे रचून बघायचे, लांब गेलेला चेंडू पळत जाऊन आणायचा. (चेंडू जुन्या मोज्यांचा करा, लागण्याची भीती उरत नाही.) डबा ऐसपैसमध्ये तो एखाद्या ताईचा हात धरून लपतो आणि ऐन वेळी खुदकन हसून तिला पकडवून देतो. ती चिडते, पण पुढच्या डावात पुन्हा त्यालाच घेऊन जाते.

आमच्या इथली एक चिमुरडी तीन महिने लिंबूटिंबू होती. एका संध्याकाळी पाय आपटून म्हणाली, ‘मला पण राज्य पाहिजे.’ दिलं. कोणीच सापडेना, तशी ती रडकुंडीला आली. तेव्हा नऊ वर्षांच्या एका मुलाने खांबाआडून आपला चपलेचा पाय हळूच बाहेर सरकवला. तिने तो बघितला आणि अशी किंचाळली की वरच्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत आल्या. त्या मुलाला असं करायला कोणी सांगितलं नव्हतं. वयाप्रमाणे बॅच पाडलेल्या क्लासमध्ये तिला तो भेटला नसता, आणि त्यालाही ती भेटली नसती. मला मुलांवर लादायचं असेल तर एवढंच आहे.

राहिलं अंगण. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावात काम सुरू केलं. पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. महागडी साधनं नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. जागा आणि सामान नसण्याची अडचण त्यांच्यापुढे आपल्यापेक्षा मोठी होती.

आमच्याकडेही पार्किंगच आहे. ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ असा बोर्डही होता. साडेपाच ते सात पाहुण्यांच्या गाड्यांची जागा रिकामी असते, हे आम्ही तीन-चार आयांनी आठवडाभर बघून ठेवलं आणि मग कमिटीकडे गेलो. अट एकच पडली : दोन्ही टोकांना एकेक मोठं माणूस खुर्ची टाकून बसेल. बसतो. पेव्हर ब्लॉकवर खडूने ठिकऱ्यांची घरं आखलेली असतात. ज्यांना खेळात जायचं नसतं ती मुलं रंगाचा जुना ब्रश आणि तांब्याभर पाणी घेऊन भिंत ‘रंगवतात’. ती वाळते, की पुन्हा. माती नाही, म्हणून गुलमोहराच्या शेंगा आणि चार कुंड्यांतली माती यांवरच भातुकली भागते. नोकरीमुळे रोज बसणं जमत नाही, म्हणून वार वाटून घेतलेत. माझ्याकडे मंगळवार आणि शनिवार.

मूळ लेख मी आज दुरुस्त केलाय. अनवाणीचं वाक्य काढलं आणि प्रत्येक खेळापुढे त्यात लिंबूटिंबूने काय करायचं ते लिहिलं. तुमच्या इमारतीत संध्याकाळी कुठली जागा रिकामी राहते, ते आठवडाभर बघाल का? कमिटीला आम्ही दिलेल्या अर्जाची प्रत हवी असेल तर पाठवते. आणि तुमच्याकडे लहानपणी लिंबूटिंबूला काय म्हणायचे, तेही कळवा.